हब्बानिया १९४१ : फ्लाइंग स्कूलवरच लढायची वेळ आली तेव्हा

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे स्टॅलिनग्राड, नॉर्मंडी, फार तर इंफाळ-कोहिमा इथपर्यंत गाडी जाते. इराकमधल्या हब्बानियाचं नाव सहसा कोणी घेत नाही, आणि घेतलंच तर 'मूठभर ब्रिटिशांनी हजारोंना पळवून लावलं' या टाइपची शौर्यगाथा ऐकवून मोकळे होतात. मला त्या शौर्यगाथेत फारसा रस नाही. मला इंटरेस्ट आहे तो यात, की हा तळ लढाईसाठी बांधलेलाच नव्हता, तिथे होतं पायलट तयार करणारं फ्लाइंग स्कूल, क्लब, पोलो ग्राउंड आणि गोल्फ कोर्स, आणि तरी मे १९४१ मध्ये पाच दिवस त्या शाळेचे मास्तर आणि शिकाऊ पोरं ट्रेनिंगच्या विमानांना बॉम्ब लटकवून लढली आणि वेढा उठला. ते जमलं कसं आणि मुळात ती वेळ आलीच का, एवढंच इथे बघायचंय.

आधी जागा

ब्रिटिश इराकमध्ये शिरले ते पहिल्या महायुद्धात, आणि त्यात आपल्याकडची माणसं भरपूर होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या दक्षिण टोकाला फावला जी फौज उतरली ती सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. हीच डिव्हिजन पुढे बगदादच्या दिशेने जाताना टेसिफॉनला अडली, मागे फिरली, कूट गावात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण गेली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युद्धानंतर इराक ब्रिटिशांच्या देखरेखीखाली आला आणि तो सांभाळायचं काम चक्क वायुदलाकडे दिलं, म्हणजे पायदळ ठेवून खर्च करण्यापेक्षा विमानं ठेवा, कुठे टोळ्यांनी डोकं वर काढलं की बॉम्ब टाका, स्वस्तात काम होतं असा हिशोब. बगदादच्या वेशीवर हिनैदी आणि उत्तरेला मोसुल हे तेव्हाचे मोठे तळ. मग १९३० चा अँग्लो-इराकी करार झाला आणि १९३२ मध्ये इराक स्वतंत्र झाला. करारात असं ठरलं की ब्रिटिशांनी हिनैदी आणि मोसुल सोडायचं, त्याबदल्यात दोन तळ ठेवायचे, एक बसऱ्याजवळ शैबा आणि दुसरा युफ्रेटिसच्या पश्चिमेला. हा दुसरा म्हणजे हब्बानिया. बगदादपासून साधारण ९० किलोमीटर पश्चिमेला, फलुजाच्या पलीकडे, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला थोड्या अंतरावर हब्बानिया तलाव. १९३४ ला काम सुरू झालं, १९३६ ला तळ चालू झाला, सुरुवातीला नाव होतं धिब्बान, १९३८ मध्ये हब्बानिया केलं.

तळ म्हणजे वाळवंटात वसवलेलं एक गावच होतं हो. झाडं लावलेले रस्ते, बंगले, हॉस्पिटल, चर्च, सिनेमा, पोहण्याचे तलाव, टेनिस कोर्ट, पोलो, गोल्फ, स्वतःचं पॉवर हाऊस आणि पाण्याची टाकी. शेजारच्या तलावावर भारताकडे जाणारी इंपीरियल एअरवेजची समुद्री विमानं उतरायची, प्रवासी तिथे थांबून पुढे निघायचे. कुंपणाच्या आत राहणारे सिव्हिलियनच नऊ हजारांच्या घरात, त्यात बऱ्याच जणांची बायकामुलं. रखवालीला इराक लेव्हीज नावाची फौज, ब्रिटिश अफसर आणि खालचे जवान बहुतेक ॲसिरियन ख्रिश्चन, काही कुर्द, काही अरब.

आता त्या जागेतली खोट बघा, कारण सगळं प्रकरण त्यात आहे. तळाभोवती अकरा किलोमीटर लांबीचं लोखंडी कुंपण होतं पण विमानतळ कुंपणाच्या बाहेर. हँगर आत, धावपट्टी बाहेर, मध्ये गेट. आणि विमानतळाच्या दक्षिणेला लगेच एक पठार, दीडशेएक फूट उंच, वर उभं राहिलं की धावपट्टी, हँगर, टाकी, पॉवर हाऊस, बंगल्यातल्या बागा सगळं तळहातावर दिसतं. त्या पठारावर ब्रिटिशांचा एकही माणूस कायम बसवलेला नव्हता. आपल्याकडे कुठल्याही गडाच्या माचीवर गेलेला पोरगा सांगेल की शेजारची टेकडी मोकळी ठेवायची नसते, पण १९३४ साली नकाशा आखणाऱ्यांनी गृहीत धरलेलं की इराक मित्र आहे आणि धोका फार तर लुटारू टोळ्यांचा, ज्यांच्याकडे तोफा नसतात. त्या गृहीतकावर बांधलेला तळ म्हणून तो वाईट नव्हता, हेही मान्य केलं पाहिजे.

शाळा

नंबर ४ फ्लाइंग ट्रेनिंग स्कूल (एफटीएस) हे रॉयल एअर फोर्सचं जुनं स्कूल, १९२१ मध्ये इजिप्तमध्ये सुएझ कालव्याजवळ अबू सुएर इथे सुरू झालेलं. इटली लिबियात बसलेली, युद्ध लागलं तर इजिप्त आघाडीवर येणार, म्हणून शाळा हलवायचं ठरलं आणि ती हब्बानियाला आली १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे बरोब्बर ज्या दिवशी जर्मनी पोलंडमध्ये घुसली. शाळेच्या दृष्टीने जागा उत्तम, आकाश मोकळं, लढाई लांब.

विमानं कुठली, तर हॉकर ऑडॅक्स आणि हार्ट ही दुपंखी, एअरस्पीड ऑक्सफर्ड हे दोन इंजिनांचं ट्रेनर, थोडी जुनाट फेअरी गॉर्डन, आणि लढाऊ म्हणावीत अशी ग्लॅडिएटर मोजून काही. इन्स्ट्रक्टरांमध्ये बहुतेकांना लढाईचा अनुभव नाही, आणि ज्या थोड्यांना होता त्यातले काही थकले म्हणून विश्रांतीला पाठवलेले. स्क्वॉड्रन लीडर टोनी डजिअन हा त्यातला, इजिप्तच्या वाळवंटात बॉम्बर स्क्वॉड्रन चालवून इथे 'आराम करायला' आला होता. बिचारा.

भांडण कशावरून पेटलं

१ एप्रिल १९४१ च्या सुमारास बगदादमध्ये सत्तापालट झाला. रशीद अली अल-गैलानी आणि त्याच्या मागे 'सुवर्ण चौकोन' म्हणून ओळखले जाणारे चार कर्नल. राजा फैसल दुसरा अजून लहान पोर, त्याच्या नावाने कारभार बघणारा अब्द अल-इलाह पळाला, अमेरिकन वकिलातीच्या मदतीने हब्बानियाला पोचला आणि तिथून विमानाने बसऱ्याला. रशीद अली जर्मनीकडे झुकलेला, आणि ब्रिटिशांचं तेव्हा सगळीकडून वाईट चाललेलं, ग्रीस हातातून चाललाय, जर्मन सेनापती रोमेल लिबियात पुढे येतोय. इराकमधलं तेल आणि भारताकडे जायचा हवाई मार्ग दोन्ही धोक्यात.

इथे ब्रिटिशांच्या आतच दोन गट पडले. मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजांचा प्रमुख, कैरोत बसलेला वेव्हेल म्हणत होता माझ्याकडे एक पलटण शिल्लक नाही, बोलणी करा. दिल्लीतून भारतातला सरसेनापती ऑकिनलेक म्हणत होता आम्ही फौज देतो, आत्ताच पाय रोवा. लंडनने दिल्लीचं ऐकलं. मलायाला निघालेली एक ब्रिगेड बसऱ्याकडे वळवली आणि १८ एप्रिलला ती उतरली, ही दहाव्या इंडियन डिव्हिजनची फौज, जी डिव्हिजन आपल्या अहमदनगरला उभी राहिली होती. त्याच सुमारास किंग्ज ओन रेजिमेंटची एक बटालियन कराचीहून विमानांनी शैबाला नेली, आणि त्यातले तीनशेच्या वर जवान पुढे हब्बानियाला.

रशीद अलीचं म्हणणं होतं की करारानुसार तुम्हाला फौज इराकमधून *न्यायचा* हक्क आहे, *ठेवायचा* नाही, आधी आलेली बाहेर काढा मग पुढची आणा. कायद्याच्या नजरेने बघितलं तर हा मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नव्हता, असं माझं मत. ब्रिटिशांनी पुढची तुकडी येतेय असं सरळ कळवून टाकलं. २९ एप्रिलला बगदादमधल्या ब्रिटिश बायकामुलांना लॉऱ्यांत भरून हब्बानियाला आणलं (कूटची शरणागती होऊन त्या दिवशी पंचवीस वर्षं पूर्ण झाली), आणि त्याच रात्री इराकी सैन्य बगदादहून पश्चिमेकडे निघालं.

परवानगी न घेता केलेलं काम

वेढा पडायच्या आधीचा एप्रिल महिना मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि गोष्ट सांगताना लोक नेमका तोच दोन वाक्यांत उरकतात.

तळाचा प्रमुख होता एअर व्हाइस मार्शल हॅरी स्मार्ट. त्याचं काम शाळा चालवणं आणि कराराला तडा जाऊ न देणं. वरून सूचना आलेल्या की परिस्थिती चिघळवू नका. म्हणून उघड तयारी करायला तो कचरत होता. दुसरीकडे फ्लाइंग स्कूलचा प्रमुख ग्रुप कॅप्टन सॅव्हिल आणि त्याचे इन्स्ट्रक्टर यांना दिसत होतं की उद्या वेळ आली तर आपल्याकडे लढायला ही ट्रेनर विमानंच आहेत. मग त्यांनी कामाला हात घातला.

ऑक्सफर्ड विमान बघा. त्यात विद्यार्थ्यांना बॉम्ब टाकायचा सराव द्यायला धुराचे छोटे बॉम्ब लटकवायची सोय होती, बस. त्याखाली २० पौंडी खरे आठ बॉम्ब बसतील असे रॅक वर्कशॉपमध्ये बनवले. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हतं, कंपनीने असं विमान कधी विचारातही घेतलं नव्हतं, आणि बसवल्यावर ते उडेल का हे कळायचा एकच मार्ग होता, कोणीतरी बसून उडवून बघायचं. उडवलं, उडालं. ऑडॅक्सलाही २० पौंडी बॉम्बच लागत होते, त्यातल्या काहींना २५० पौंडी दोन-दोन लागतील असं करून घेतलं. ज्यांना लढाऊ विमानांच्या मेंटेनन्सची कल्पना आहे त्यांना कळेल की हे पंखाखाली हुक ठोकण्याइतकं सोपं नसतं, वजन बदललं की टेकऑफचं अंतर बदलतं, सोडताना एक बॉम्ब अडकला तर विमान एका बाजूला झुकतं, आणि उतरताना तो पोटाखाली तसाच लटकत असतो.

मग इन्स्ट्रक्टरांनी स्वतः बॉम्बिंगचा सराव केला आणि पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना मशीनगन चालवायला, बॉम्ब सोडायला शिकवलं. गोल्फ कोर्स आणि पोलो ग्राउंड एकत्र करून, झाडं तोडून, कुंपणाच्या आतच एक छोटी धावपट्टी तयार केली. हा मास्टरस्ट्रोक होता, कारण तिथे मध्ये इमारती आणि झाडं असल्यामुळे पठारावरून ती जागा नीट दिसत नव्हती. ऑडॅक्स आणि ग्लॅडिएटर तिथून उडू शकत होती. ऑक्सफर्ड आणि गॉर्डनना मात्र बाहेरची मोठी धावपट्टीच लागणार होती, तोफांच्या तोंडासमोर.

आणखी एक गंमत. ऑफिसर्स मेसच्या बाहेर शोभेला पहिल्या महायुद्धातल्या दोन जुन्या हॉवित्झर तोफा ठेवलेल्या होत्या, कित्येक वर्षं रंग लावलेल्या. त्या चालू करता येतात का बघा म्हणून पाठपुरावा झाला, बसऱ्याहून विमानाने माणूस आणि गोळे मागवले, आणि वेढ्यात त्या खरोखर डागल्या.

३० एप्रिलची सकाळ

पहाटे पठारावर इराकी सैन्य दिसलं. आधी हजारेक माणसं आणि तोफा, मग दिवसभर वाढतच गेली, शेवटी अंदाज सहा ते नऊ हजारांचा. सकाळी सहाच्या सुमारास इराकी अधिकारी गेटवर पत्र घेऊन आला, सगळी उड्डाणं बंद करा, तळाबाहेर कोणी जायचं नाही, विमान उडालं तर गोळीबार करू. स्मार्टने उत्तर दिलं की ट्रेनिंगमध्ये अडथळा आणला तर आम्ही ती युद्धाची कृती समजू. उत्तर छान होतं, पण उत्तर देणाऱ्याकडे काय होतं? बाराशे लेव्हीज, किंग्ज ओनचे तीनशेवर जवान, १८ जुन्या चिलखती गाड्या, आणि चाळीसहून कमी पायलट. आणि नऊ हजार सिव्हिलियन.

स्मार्टला नंतर बऱ्याच लोकांनी घाबरट ठरवलंय. मला ते एकांगी वाटतं. एक म्हणजे आपण आधी गोळी चालवली तर बगदादमध्ये वकिलातीत अडकलेल्या शेकडो ब्रिटिशांचं काय होईल, हा प्रश्न त्याच्या डोक्यावर. नाही चालवली आणि समोरच्याने रात्रीत गेटवर हल्ला केला तर खेळ खलास. कैरो एक सांगतंय, लंडन दुसरं, बगदादचा राजदूत कॉर्नवॉलिस तिसरं. तो तारांवर तारा पाठवत बसला हे खरं, पण त्याच्या जागी ज्याला बसवाल तो तेच करेल, कारण तळाचा प्रमुख म्हणून एका देशाविरुद्ध युद्ध सुरू करायचा अधिकार त्याला कोणी दिलेला नव्हता. १ मे ला चर्चिलची तार आली, तिचा मतितार्थ एवढाच की मारायची वेळ आलीच तर जोरात मारा, हातचं राखू नका. त्यानंतर ठरलं, पहाटे हल्ला, आणि अल्टिमेटम द्यायचाच नाही, कारण अल्टिमेटम दिला तर समोरचा सावध होऊन आधी धावपट्टीच उडवेल. जमिनीवरच्या फौजेची सूत्रं दहाव्या डिव्हिजनमधून विमानाने आलेल्या कर्नल ऊव्री रॉबर्ट्सकडे होती.

आणि इराकी बाजू काय करत होती? बसून होती. दीड-दोन दिवस हातात असताना पठारावरून खाली आली नाही. पहिली गोळी आपण झाडायची नाही, जर्मन येईपर्यंत दाब ठेवायचा, ब्रिटिश आपोआप नमतील असा हिशोब असावा. सगळ्या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेला निर्णय हाच.

२ मे ते ६ मे

२ मे, पहाटे पाच. शाळेची ३३ विमानं वर गेली आणि शैबाहून ७० स्क्वॉड्रनची वेलिंग्टन बॉम्बर आली, आणि अंधुक उजेडात एवढ्याशा पठारावर दुपंखी ट्रेनर, दोन इंजिनांची ट्रेनर आणि मोठे बॉम्बर अशी सगळी मिळून घोंगावू लागली, एकमेकांवर आदळली नाहीत हेच नशीब. काही मिनिटांत इराकी तोफांनी तळावर मारा सुरू केला. एक वेलिंग्टन गोळ्या लागून बाहेरच्या धावपट्टीवर उतरलं, ट्रॅक्टर लावून ओढायचा प्रयत्न झाला, तोफांनी त्याला टिपलं आणि ते पेटलं.

इथून पुढे शाळेने जी पद्धत बसवली ती बघण्यासारखी आहे. विमान उतरायचं, इंजिन चालूच ठेवून हँगरच्या आडोशाला यायचं, दोघांपैकी एकजण पळत ऑपरेशन्स रूममध्ये जाऊन काय पाहिलं, कुठे टाकलं ते सांगायचा आणि पुढचं टार्गेट घ्यायचा, दुसरा तोवर मेकॅनिकसोबत पेट्रोल, बॉम्ब, भोकांना ठिगळं बघायचा. मग गेट उघडायचं आणि विमान आतूनच वेग घेऊन बाहेर सुसाट, धावपट्टीवर थांबून रांगेत लागणं वगैरे काही नाही, चाकं उचलली की लगेच वळण मारून तोफांच्या रेषेतून बाजूला. त्या एका दिवसात १९३ उड्डाणांची नोंद झाली. पायलट चाळीससुद्धा नाहीत, म्हणजे वेलिंग्टनची वजा केली तरी माणशी चार-पाच फेऱ्या, आणि प्रत्येक फेरी म्हणजे काय तर विमानतळाच्या कडेपासून पठारापर्यंत, वर जाऊन लगेच खाली यायचं. आघाडी कुंपणाला लागून असल्याचा हा एकमेव फायदा.

पहिल्या दिवशी तळावर १३ माणसं गेली, २९ जखमी. विमानांची चाळण झालेली. इराकी वायुदलही आलं आणि त्यांच्याकडची काही विमानंही ब्रिटिश बनावटीचीच, ऑडॅक्सचीच भावंडं, लांबून आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं ते कळायला मार्ग नाही. पुढच्या दिवसांत ब्रिटिशांनी बगदादजवळचा रशीद विमानतळ झोडपला, आणि तो कुठला, तर त्यांनी स्वतः बांधलेला आणि करारानुसार सोडून दिलेला हिनैदी.

रात्री काय? दिवसभर विमानं वर असतात म्हणून तोफा गप्प, पण अंधार पडला की सुरू. मग ऑक्सफर्ड रात्रीही पाठवली, धावपट्टीवर दिवे न लावता. दिवे लावले की पठारावरून नेम धरायला सोपं, म्हणून टेकऑफ काळोखात अंदाजाने आणि उतरताना विमानाचा स्वतःचा दिवा शेवटच्या क्षणी जेमतेम. हे फक्त इन्स्ट्रक्टरच करू शकत होते आणि मला वाटतं इथेच शाळा असण्याचा खरा उपयोग झाला. रोज तीच धावपट्टी, तीच विमानं, नवशिक्या पोराच्या हातातलं विमान शेवटच्या सेकंदाला सावरायची सवय. आघाडीवरच्या स्क्वॉड्रनमधला पायलट शूर असेल पण अशा ठिकाणी काळोखात उतरायला त्याला आठवडा लागला असता. शिवाय शाळेकडे स्क्वॉड्रनपेक्षा जास्त असतात त्या दोन गोष्टी इथे होत्या, भरपूर विमानं आणि भरपूर मेकॅनिक. ट्रेनिंगमध्ये विमानं सतत आपटत असतात, त्यामुळे वर्कशॉप मोठं, स्पेअर पार्ट्सचा साठा मोठा, ठोकाठोकीची सवय मोठी.

खाली रॉबर्ट्सने रात्री किंग्ज ओन आणि लेव्हीजच्या टोळ्या बाहेर पाठवून इराकी ठाण्यांना झोप लागू दिली नाही. विमानांनी फलुजाकडून येणारा रस्ता धरला, म्हणजे पाणी, अन्न, गोळे काहीच वर पोचेना. मे महिन्यातलं उघडं पठार, सावली नाही, वर दिवसभर विमान, आणि पाण्याची गाडी येत नाही. इराकी जवान हरला तो तिथे. मेसबाहेरच्या त्या दोन शोभेच्या तोफा डागल्या गेल्यावर ब्रिटिशांकडे तोफखाना आला की काय अशी शंका आली असणार ती वेगळीच. याच दिवसांत स्मार्ट मोटारीच्या अपघातात जखमी झाला आणि त्याला बाहेर हलवावं लागलं, पुढे सगळं रॉबर्ट्स आणि सॅव्हिलने ओढलं.

६ मे ला सकाळी पठार रिकामं. इराकी सैन्य रात्रीतून निघालं होतं, फलुजाच्या रस्त्याने, तोफा-दारूगोळा बराचसा टाकून. दुपारी बगदादहून नवी कुमक त्याच रस्त्याने येत होती, मागे फिरणारे आणि पुढे येणारे रस्त्यात समोरासमोर आले आणि गाड्या एकमेकांना लागून उभ्या राहिल्या. ४० विमानांनी त्या कोंडीवर हल्ला केला. तो भाग वाचताना मला तरी शौर्य वगैरे काही वाटत नाही, एका अरुंद रस्त्यावर अडकलेल्या माणसांवर दोन तास बॉम्ब आणि मशीनगन. चारशेच्या वर कैदी झाले. वेढ्याच्या पाच दिवसांची उड्डाणं साधारण साडेसहाशे.

नंतरचं, थोडक्यात

जर्मन आले, पण उशिरा. मेच्या मध्याला मोसुलला काही मेसरश्मिट ११० आणि हाइंकेल १११ विमानं उतरली, १६ मे ला हब्बानियावर हल्ला करून गेली आणि आधीच्या सगळ्या इराकी हवाई हल्ल्यांत झालं नव्हतं इतकं नुकसान एका खेपेत केलं. हेच दोन आठवडे आधी झालं असतं तर? मला वाटतं शाळा दोन दिवससुद्धा टिकली नसती. पॅलेस्टाइनमधून वाळवंट ओलांडून येणारी मदत १८ मे ला पोचली, म्हणजे वेढा उठून बारा दिवसांनी. १९ मे ला फलुजा पडलं, त्यात लेव्हीज, किंग्ज ओन आणि विमानाने आणलेले गुरखे. ३१ मे ला बगदादमध्ये युद्धबंदी. रशीद अली इराणला पळाला. आणि लगेच १ आणि २ जूनला बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, फरहूद म्हणतात तिला, दीडशेच्या वर माणसं मारली गेली, ब्रिटिश फौज शहराबाहेर थांबलेली होती आणि आत आली नाही. हब्बानियाच्या विजयकथांमध्ये हे पान सहसा फाडलेलं असतं.

शाळेचं काय झालं? बंद झाली. १ जुलै १९४१ ला नंबर ४ एफटीएस गुंडाळलं. विमानं संपलेली, इन्स्ट्रक्टर गेलेले किंवा जायबंदी, आणि मुख्य म्हणजे शाळा ठेवायला ही जागा सुरक्षित आहे हे जे गृहीत धरून ती इजिप्तहून हलवली होती तेच उरलं नव्हतं. तळ राहिला, वाहतुकीचा नाका म्हणून युद्धभर चालला. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी मोठ्या विमानांसाठी नवी धावपट्टी बांधली ती कुठे, तर त्याच पठारावर. उशिरा का होईना. १९५५ मध्ये तळ कागदोपत्री इराककडे गेला, लेव्हीज मोडीत काढल्या, १९५८ ला राजेशाही उलथली आणि ३१ मे १९५९ ला शेवटचे ब्रिटिश निघाले.

पठारावरची धावपट्टी पुढे इराकी वायुदलाचा अल-तकद्दुम तळ झाली. २००३ मध्ये अमेरिकन सैनिकांनी तिथे वाळूत पुरलेली मिग-२५ विमानं उकरून काढली, त्याचे फोटो बऱ्याच जणांनी पाहिले असतील, पण ते पठार हेच आहे हे फारसं कोणी जोडत नाही.

नंबर ४ एफटीएस १९४७ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियात पुन्हा सुरू झालं आणि १९६० पासून ते वेल्समधल्या व्हॅली तळावर आहे, हॉक जेटवर पायलट तयार करतं. भारताने २००४ मध्ये हॉक विमानांचा सौदा केला तेव्हा आपली विमानं यायला वेळ होता, म्हणून भारतीय वायुदलाचे पायलट मधल्या काळात ट्रेनिंगला पाठवले गेले ते याच व्हॅलीला.